स्लॅबमधला सांधा

मिक्सर एकदा सुरू झाला की स्लॅब पुरा होईपर्यंत थांबवायचा नसतो, हे त्या टेकडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मध्येच थांबलं की आधी टाकलेला माल आणि नंतरचा माल एकमेकांना धरत नाहीत. मध्ये सांधा राहतो, आणि मग लिमा शहरावरचं ते धुक्यासारखं भुरभुरणारं पाणी हिवाळाभर त्या सांध्यातून झिरपत बसतं. म्हणून सातुर्निना सकाळपासून मनाशी एकच घोकत होती, आज काही झालं तरी मशीन थांबता कामा नये.

घोकण्याचं कारण निराळं होतं. घरावरच्या स्लॅबचं तिला काही नव्हतं, तो कासिमिरो मिस्त्रीच्या हातात होता. पण स्वयंपाकाच्या चुलीपाशी तिची सून योवाना डाव्या हाताने डाव फिरवत होती, आणि योवाना काही डावरी नव्हती.

मागच्या अंगणात पत्र्याखाली तीन पातेली चढवली होती. वाळवलेल्या बटाट्याचं आणि डुकराच्या मटणाचं कारापुल्क्रा एका पातेल्यात, भात दुसऱ्यात, तिसऱ्यात प्यायची मक्याची चिचा. पुढच्या गल्लीत मिक्सर खडखडत होता. वस्तीतले पुरुष खांद्यावर मालाचे डबे घेऊन फळीवरून वर पळत होते आणि रिकामे डबे आदळत खाली येत होते. कुणालाच कुणाचं नीट ऐकू येत नव्हतं. प्रत्येक जण ओरडून बोलत होता, त्यामुळे घरात भांडण आहे की सण, हे पाहुण्याला कळलं नसतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी घरच्यांनाही कळत नव्हतं.

"आई, वहिनीचा हात बघितलास?" नेलिदा आईच्या कानाशी वाकून म्हणाली. सातुर्निनाची ही थोरली लेक. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर इतकं गोड हसायची की विचारणारा पुन्हा विचारत नसे.

"बघितला. दार लागलं म्हणाली."

"दार," नेलिदा म्हणाली.

पुढे बोलायची गरजच नव्हती. दार हा शब्द त्या दोघींना पाठ होता. वस्तीच्या सामायिक स्वयंपाकघरात बायका शंभर-दीडशे पानांचं जेवण रांधत, आणि तिथेच त्यांचं शिट्टीमंडळ भरे. कुणाचा डोळा सुजलेला असो की ओठ फाटलेला, विचारलं की उत्तर एकच मिळायचं, दार लागलं. समोरच्या घरातली ग्रिमानेसा म्हणायची, "आपल्या टेकडीवर नवरे सगळे संत आहेत बायांनो. हात उचलतात ती मेली दारं."

आणि ते शिट्टीमंडळ काढलं होतं कुणी? सातुर्निनानेच. तिच्या नवऱ्याला, फोर्तुनातोला, चढली की बायको दिसायची आणि बायको दिसली की हात शिवशिवायचा. एका रात्री तिला उठता येईना, तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या लेकाने, बेतोने, खिळ्यावरची शिट्टी काढली. ती होती चोर आला तर वाजवायची. पोराने गल्लीत जाऊन फुर्र, फुर्र, फुर्र अशी तीनदा वाजवली, आणि ग्रिमानेसा हातात झाकण घेऊन धावत आली. चोर शोधायला आलेल्या बायका दारात उभ्या राहिल्या आणि फोर्तुनातो बाहेर निघेपर्यंत झाकणं बडवत राहिल्या. त्या दिवसापासून तीन शिट्ट्या म्हणजे बाईला मार पडतोय असा नियम झाला. वस्तीत नवी सून आली की सातुर्निना तिच्या गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी घालायची. बाकी आहेर मागून यायचे.

फक्त एका सुनेला तिने ती घातली नव्हती. स्वतःच्या. बेतोचं लग्न झालं तेव्हा ती हसत म्हणाली होती, "माझ्या घरात शिट्टी कशाला? ज्याने पहिली वाजवली त्याच्याशीच लग्न केलंयस तू." सगळे हसले होते. योवानाही हसली होती.

"अगं माझ्या आई!" बेतो अंगणात आला. केसांत, भुवयांत, सगळीकडे सिमेंट. त्याने पाठीमागून आईच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या डोक्याचा मुका घेतला. "आजपासून तुझ्या डोक्यावर नाचायला मी मोकळा."

"तू जन्मल्यापासून तेच करतोयस," सातुर्निना म्हणाली. तिला आपोआप हसू आलं. बेतो आला की तिला हसू यायचंच, त्याला काय करणार? आजारी शेजाऱ्याला पाठीवर घेऊन टेकडी उतरणारा हाच. वेल्डिंगचं काम करताना विधवांच्या फाटकांचे पैसे न घेणाराही हाच.

बेतो चुलीकडे वळला. "मीठ विसरली नाहीस ना गं?" शब्द साधेच होते. पण योवानाचा डाव थांबला, आणि तो अंगणातून जाईपर्यंत पुन्हा फिरला नाही. सातुर्निनाने ते पाहिलं. मग तिने बटाट्याचं पातेलं उगाचच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवलं.

तिचा भाऊ तेओफिलो डोक्यावर नवी टोपी घालून खुर्चीत बसला होता. तो स्लॅबचा मानकरी. वर शेवटचा डबा ओतला की फुलं बांधलेली बाटली त्याच्या हातून फुटायची होती, आणि सकाळपासून तो ती बाटली मांडीवर घेऊन होता. नेलिदा आणि आईची कुजबुज त्याने ओळखली.

"हे बघा," तो म्हणाला, "एका खोलीत तिघं राहतात. भांड्याला भांडं लागणारच. वर स्वतःच्या दोन खोल्या झाल्या की पोराचं डोकं शांत होईल."

"मामा, भांड्याला भांडं लागलं तर पोचे दोन्हींना येतात," नेलिदा म्हणाली. "इथे एकीलाच येतायत."

"तुझं तोंड म्हणजे ना..."

"माझं तोंड शाबूत आहे. मला दार नाही."

तेओफिलोने बाटली या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

सातुर्निना लेकीला ओढून कोपऱ्यात घेऊन गेली. "आज नको. आज सगळी वस्ती घरात आहे. स्लॅब होऊ दे, सण होऊ दे, मग मी त्याच्याशी बोलते. माझं ऐकतो तो."

"उशीर झालाय. वहिनी आज निघतेय."

"कुठे?"

"आधी ग्रिमानेसाकडे. स्वयंपाकघरामागची आसऱ्याची खोली झाडून ठेवलीय. मग मदतकेंद्रातल्या वकीलबाईकडे. तिचं ओळखपत्र त्याने लपवलं होतं, ते मी काढून दिलं. मामा बाटली फोडतील, सगळे नाचायला लागतील, तेव्हा ती पोरीला, मिलाला घेऊन मागच्या वाटेने जाईल. पिशवी बियरच्या खोक्यांमागे आहे."

"स्लॅबच्या दिवशी? लोक काय म्हणतील?"

नेलिदाने आईकडे नुसतं पाहिलं. "आई, मंडळात बसून दुसऱ्यांच्या आयांच्या तोंडून हे वाक्य तू किती वेळा ऐकलंयस? त्यांना काय सांगायचीस?"

सातुर्निनाला राग आला. लेकीचा आला, सुनेचा आला, त्या खडखडणाऱ्या यंत्राचा आला. सगळ्यात जास्त राग आला तो आपल्याला आधी कुणी काही विचारलं नाही याचा. "आणि शिट्टी?" ती म्हणाली. "शिट्टी तरी आहे का तिच्याकडे?"

"माझी दिलीय. सकाळी."

म्हणजे ते कामही लेकीनेच केलं होतं. नेलिदा पाण्याची घागर घेऊन पुढे गल्लीत निघून गेली. सातुर्निना बटाटे सोलायला बसली, उठली, पुन्हा बसली. भिंतीपलीकडे रात्री काही पडल्याचा आवाज यायचा तेव्हा ती रेडिओ मोठा करायची. आज रेडिओची जागा मिक्सरने घेतली होती, एवढाच फरक. हे मनात आलं आणि सुरी तिच्या बोटाला लागली.

तेवढ्यात बेतो पुन्हा आला. वरच्या माणसांना बियर हवी होती. तो खोक्यांमागे वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या हातात बियर नव्हती. मिलाचं गुलाबी जाकीट होतं. त्याने ते घडी घातल्यासारखं हातावर ठेवलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "योवाना, जरा आत ये बरं."

योवानाने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने सासूकडे पाहिलं.

त्या क्षणी सातुर्निनाने काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पातेलं उतरव म्हणाली असती, पाणी आण म्हणाली असती, तरी पुरलं असतं. ती म्हणाली, "जा, बोलून घ्या दोघं. पाहुण्यांसमोर नको."

योवानाने डाव पातेल्याच्या काठावर ठेवला आणि ती गेली. मागच्या खोलीचं दार बंद झालं. आतून कडी लागली असेल, पण ऐकू आली नाही.

सातुर्निनाने भात पाहिला. झाकला. पुन्हा पाहिला. तेओफिलो तिच्याकडे न बघता म्हणाला, "नवरा-बायकोत आपण पडू नये," आणि बाटली काखेत मारून रबरी बूट घालून स्लॅब बघायला वर गेला. जाताना तो इतक्या घाईने गेला की त्याची नवी टोपी खुर्चीवरच राहिली.

मग मिला आली. पाच वर्षांची, गुडघ्याला चिखल. तिने आजीचा एप्रन ओढला.

"आजी, मम्मी आत शिट्टी वाजवतेय."

"मला नाही ऐकू येत."

"असं नाही येत. भिंतीला कान लावायचा."

सातुर्निनाने भिंतीला कान लावला. विटांतून आधी नुसता मिक्सर आला, दात हलवणारा. मग त्याच्या खालून तीन बारीक आवाज. पुन्हा तीन. मग दोनच.

तिने दारावर मुठी मारल्या. "बेतो! कडी काढ!" दार हललं नाही. तिने मागे वळून हाका मारल्या. पत्र्याखाली बटाटे सोलणाऱ्या दोघी मान खाली घालून सोलतच होत्या, कारण त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. घराच्या कडेच्या बोळातून दिसणाऱ्या गल्लीच्या पलीकडे आपल्या उंबऱ्यात ग्रिमानेसा बसली होती. आयुष्यभर जिच्या कानांवर सगळ्या वस्तीने भरवसा ठेवला ती ग्रिमानेसा पाय पसरून, तोंड पुसत, स्लॅबकडे बघत होती.

सातुर्निना धावली. या वयात, या गुडघ्यांनी, डबे घेऊन पळणाऱ्या पुरुषांना धक्के देत ती मिक्सरपाशी पोचली.

"बंद कर."

"काय?" कासिमिरो मिस्त्री ओरडला.

"मशीन बंद कर."

"बाई, अर्धा स्लॅब राहिलाय! सांधा राहील! जन्मभर गळेल!"

"गळू दे."

तो हसला. त्याला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग तिने स्वतःच हात घातला आणि इंजिनची कळ खाली ओढली. पिंप आणखी दोन फेरे फिरलं, घुर्रघुर्र केलं आणि थांबलं.

फळीवर माणसं जागच्या जागी उभी राहिली, खांद्यावर डबे तसेच. वरून तेओफिलो ओरडला, "कोण गाढव आहे रे ते?" आणि त्याचा आवाज इतका मोठा आला की तो स्वतःच दचकला.

मग घरातून शिट्टी ऐकू आली. तीन.

ग्रिमानेसा कधी उठली ते कुणी पाहिलं नाही. पुढच्या घरातून झाकण आलं, वरच्या अंगाच्या पायऱ्यांवरून झाकण आलं, बटाटेवाल्या दोघी सुऱ्या टाकून उठल्या. कोणाच्या घरी, कोणाच्या घरी, असं विचारत बायका निघाल्या आणि घर दिसल्यावर त्यांची पावलं जरा अडखळली. मग पुन्हा चालू लागल्या. नेलिदा सगळ्यांच्या आधी दाराशी पोचली होती.

सातुर्निना गर्दीतून वाट काढत पुढे आली. ग्रिमानेसाने तिच्या छातीला झाकण आडवं लावलं.

"सातु, मागे."

"माझं घर आहे."

"म्हणूनच. नियम तुझाच आहे."

होता खरा. तिनेच केला होता. पुरुषाच्या आईने पुढे उभं राहायचं नाही. आईचं काळीज पातळ, पोराचं तोंड दिसलं की ती दारातून बाजूला होते, हे तिने इतक्या जणींच्या बाबतीत पाहिलं होतं. पण आईला विचारायचा एक प्रश्न असतो, तो शेवटी. आजवर किती आयांना तिने नाक वर करून मागे पाठवलं होतं. "नेलिदा, तूही," ग्रिमानेसा म्हणाली. नेलिदा मिलाला कडेवर घेऊन आईशेजारी, मागच्या रांगेत आली. पुढे झाकणं वाजू लागली.

कडी निघाली. बेतो एकटाच बाहेर आला, हसत, केसांतून हात फिरवत.

"काय झालं काय एवढं? दार अडकलं होतं."

पुढच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली. आणखी एक हसली. त्या हसण्यात मजा नव्हती. बेतोचं हसू मात्र गेलं. त्याच्या मागून योवाना बाहेर आली. ओठ फुटला होता आणि शिट्टी अजून दातांतच होती. बायकांनी तिला आपल्यात घेतलं आणि रांग पुन्हा मिटली.

"आई!" बेतो डोक्यांवरून ओरडला. "सांग यांना. वर माल सुकतोय. माझा स्लॅब जाईल."

झाकणं थांबली. ग्रिमानेसा मागे वळली. आता तिच्या आवाजात मैत्री नव्हती आणि वैरही नव्हतं, नियम होता. "सातुर्निना, घर तुझ्या नावाचं आहे. हा आज कुठे निजणार?"

"सातु, विचार करून बोल!" वरून तेओफिलो म्हणाला.

बेतो आईकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते. ते खोटे नव्हते, आणि हेच वाईट होतं. "ती शिट्टी मी वाजवली होती, आई," तो म्हणाला. "तुझ्यासाठी. अनवाणी धावलो होतो. विसरलीस?"

"नाही विसरले," सातुर्निना म्हणाली. तिला तो दिसत होता, गल्लीत थरथरणारा, तिच्याच पोटचा. त्याला उचलून घ्यावं असं तिला वाटलं. त्याच्यासाठी तिचा जीव तुटला, आणि तुटत असतानाच ती म्हणाली, "त्या रात्री तुझा बापही बाहेर येऊन म्हणाला होता, दार अडकलं होतं."

बेतोने भुवयांवरचं सिमेंट पुसलं.

"इथे नाही," ती म्हणाली.

शब्द हळूच आले. पुढच्यांना ऐकूच गेले नाहीत. ग्रिमानेसा म्हणाली, "मोठ्याने, सातु."

"इथे नाही निजणार. खाली नाही आणि वरही नाही."

बायकांनी वाट करून दिली. कुणी त्याला हात लावला नाही, तसा नियमच नव्हता. तो त्या वाटेने गेला, आईजवळून जाताना क्षणभर थांबला आणि मग पुढे कुठेच थांबला नाही. तेओफिलो फळीवरून उतरून आला. खुर्चीवरची टोपी त्याने घेतली नाही. बाटली नेलिदाच्या हातात दिली. "माझ्याकडे नेतो त्याला," तो म्हणाला. "एक-दोन दिवस."

"वकीलबाईला पत्ता देते तुमचा," नेलिदा म्हणाली.

मामा तिच्याशी भांडेल असं वाटलं होतं. त्याने नुसती मान हलवली आणि भाच्याच्या मागे टेकडी उतरू लागला.

कासिमिरो मिस्त्री बराच वेळ कुणाचीतरी परवानगी मिळेल म्हणून उभा होता. शेवटी त्याने आपणच वर जाऊन सुकलेली कड खरवडली, तिच्यावर सिमेंटचं पाणी ओतलं आणि मिक्सर चालू केला. डबे पुन्हा पळू लागले. पण आता कुणी ओरडून बोलत नव्हतं. संध्याकाळी स्लॅब पुरा झाला, बाटली ग्रिमानेसाने फोडली, आणि लोक कारापुल्क्रा जेवले, कारण रांधलेलं टाकता येत नाही. वर मध्यभागी आडवी रेघ राहिली होती, भांगासारखी स्पष्ट.

योवाना मिलाला मांडीवर घेऊन चुलीशी बसली होती. ओठावर कुणीतरी ओलं फडकं दिलं होतं. सातुर्निना तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने ब्लाउजच्या आतून दोरी ओढून काढली. जुनी पत्र्याची शिट्टी, जिचा रंग केव्हाच उडाला होता. खिळ्यावरची, पहिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि सुनेच्या गळ्यात घालायला वाकली.

योवानाने मान पुढे केली नाही.

"लग्नाच्या दिवशी द्यायची होती," ती म्हणाली.

"हो."

"आणि आज आत जा म्हणालात."

"हो."

दोरी दोघींच्या मध्ये लोंबत राहिली. सातुर्निनाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही.

"मला नेलिदाताईंची आहे," योवाना म्हणाली. तिने सासूकडे वर पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला आई न म्हणता इतरांसारखी मानाची, परकी हाक मारली. "दोन्या सातुर्निना, ही तुमच्याकडेच ठेवा. तो परत येईल तेव्हा आधी तुमच्याच दाराशी येईल. आणि रडत येईल."

सातुर्निनाने दोरी परत आपल्या गळ्यात घातली. इतकी वर्षं ती शिट्टी ब्लाउजच्या आत असायची. आज तिने ती बाहेर ठेवली, आणि उष्टी भांडी गोळा करायला लागली.